वरळीच्या बोटींची वहिवाट आणि साठ मीटरचा गाळा

खारवारा (धागाकर्ता)

वरळीच्या क्लीव्हलंड बंदरातून निघणाऱ्या बोटींच्या वाटेचा वाद मिटला, असे आता सगळेच धरून चालतात. किनारी रस्ता आणि वांद्रे–वरळी सागरी सेतू यांना जोडणाऱ्या पुलाच्या खांबांमधले अंतर 60 मीटरवरून 120 मीटर झाले, मधला एक खांब गाळण्यात आला आणि 26 जानेवारी 2025 रोजी उत्तरेकडे जाणाऱ्या जोडपुलाचेही उद्घाटन झाले. तरीही हा धागा काढतो आहे, कारण गेल्या महिन्यात एका कौटुंबिक समारंभात हा विषय निघाला तेव्हा एका सुशिक्षित गृहस्थांनी मला विचारले, "पण तिथे कोणी वाट बंद केलीच कुठे होती? पुलाखालून जागा होतीच की." मला तिथल्या तिथे नीट उत्तर देता आले नाही. घरी आल्यावर नकाशा काढून बसलो.

क्लीव्हलंड बंदर वरळी कोळीवाड्याच्या पश्चिमेला आहे. त्याच्या एका अंगाला सागरी सेतू वरळीला टेकतो. दक्षिणेकडून वरळी सी फेसच्या समोर, समुद्रात भराव घालून आणि पूल बांधून किनारी रस्ता वर येतो. या दोहोंना सांधणारा जोडपूल बंदराच्या तोंडासमोर, म्हणजे बोटी ज्या दिशेने उघड्या समुद्रात जातात नेमक्या त्याच दिशेला, आडवा येतो. बंदरातून बाहेर पडायचे तर त्या पुलाच्या खांबांमधूनच जावे लागते. त्यामुळे दोन खांबांमधला गाळा किती रुंद ठेवायचा हा प्रश्न कोळीवाड्यापुरता तरी संपूर्ण प्रकल्पातला सर्वांत मोठा प्रश्न होता, आणि प्रकल्पाच्या कागदांत मात्र तो एका आराखड्यातल्या एका मापाएवढाच होता.

घटनाक्रम थोडक्यात सांगतो. काम ऑक्टोबर 2018 मध्ये सुरू झाले. मुंबई उच्च न्यायालयाने 16 जुलै 2019 रोजी प्रकल्पाची किनारा नियमन परवानगी रद्द केली; त्या याचिकाकर्त्यांत वरळीतील मच्छीमार संस्थाही होती. सर्वोच्च न्यायालयाने 17 डिसेंबर 2019 रोजी त्या निकालाला स्थगिती दिली आणि काम पुन्हा चालू झाले. जोडपुलाचे काम समोर दिसू लागल्यावर कोळ्यांनी आपल्या बोटी समुद्रात नेऊन ते अडवले. त्यांची मागणी 160 मीटरच्या गाळ्याची होती, पालिका 60 मीटर पुरेसे आहेत असे म्हणत होती, आणि डिसेंबर 2022 मध्ये तत्कालीन मुख्यमंत्र्यांनी 120 मीटर मान्य केले.

वाट बंद करणे म्हणजे भिंत घालणे एवढेच असते का, की जी वाट वर्षातले काही दिवस वापरताच येत नाही तीही बंदच समजावी, एवढाच माझा प्रश्न आहे. जाणकारांनी लिहावे.

रोजचा_प्रवासी

धागा अभ्यासपूर्ण आहे, परंतु एक बाजू राहून जाते म्हणून लिहितो. मी अनेक वर्षे दक्षिण मुंबईत नोकरीसाठी ये-जा केली आहे आणि पेडर रोडवर आयुष्याचे किती तास गेले याचा हिशोब मांडायचे मी केव्हाच सोडून दिले आहे. किनारी रस्त्यामुळे माझ्यासारख्या हजारो लोकांचा वेळ वाचतो, आणि त्यावर टोलही नाही. शहरात कोणतेही मोठे काम काढले की कोणाला ना कोणाला झळ बसतेच. ती बसली तर योग्य भरपाई द्यावी, हे मान्य. मात्र बोटीची रुंदी तीन-चार मीटर असताना तिला साठ मीटर कमी पडतात, हे सामान्य माणसाच्या गळी उतरत नाही. साठ मीटरमध्ये अशा पंधरा बोटी एकमेकींना चिकटून उभ्या राहतील. हा मुद्दा कोणी मला शांतपणे समजावून दिला तर मी मत बदलायला तयार आहे.

मोजपट्टी

रोजचा_प्रवासी यांचा प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर आकड्यांतच देता येते. मी पुलांच्या कामावर होतो (या पुलावर नव्हतो), त्यामुळे निव्वळ हिशोबापुरते लिहितो.

पहिली गोष्ट, आराखड्यात लिहिलेले अंतर बहुधा खांबाच्या मध्यापासून पुढच्या खांबाच्या मध्यापर्यंत मोजलेले असते. त्यातून दोन्हीकडच्या खांबांची अर्धी-अर्धी जाडी जाते. पाण्याच्या पातळीशी खांबाचा पाया किंवा त्याभोवतीचे संरक्षक कठडे खांबापेक्षा रुंद असतात, तेही वजा करावे लागतात. शिवाय कोणताही शहाणा तांडेल काँक्रीटपासून हातभर अंतरावरून बोट नेत नाही. दोन्ही बाजूंना तो मोकळे पाणी राखतो. उरते ती खरी वाट, आणि त्याच वाटेने एक बोट बाहेर जात असताना दुसरी आत येत असते.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची आहे. रस्त्यावर गाडीचे इंजिन बंद पडले तर गाडी जागेवर थांबते, पाण्यात बोट थांबत नाही. समजा, वारा आणि प्रवाह मिळून बोटीला सेकंदाला एक मीटर या वेगाने आडवे ढकलत आहेत. पावसाळ्याच्या तोंडाशी किंवा उधाणाच्या ओहोटीला हे काही अचाट नाही. बोट गाळ्याच्या बरोबर मधून चालली आहे आणि इंजिन बंद पडले. गाळा 60 मीटरचा असेल तर खांबापर्यंत 30 मीटर आहेत, म्हणजे जास्तीत जास्त 30 सेकंद, आणि वर सांगितलेल्या वजावटी केल्या तर त्याहूनही कमी. तेवढ्या वेळात खलाशाने इंजिन पुन्हा चालू करायचे किंवा नांगर टाकायचा. 120 मीटरच्या गाळ्यात हाच अवधी दुपटीहून थोडा अधिक होतो, कारण वजावट दोन्हीकडे तेवढीच राहते. पंधरा बोटी शेजारी उभ्या राहण्याचा हिशोब बंदरात नांगरलेल्या बोटींचा आहे.

आणखी एक. शेजारच्याच सागरी सेतूत वरळीच्या बाजूला 150 मीटरचा आणि वांद्र्याच्या बाजूला 250 मीटरचे दोन गाळे आहेत. तो पूल 30 जून 2009 रोजी खुला झाला. म्हणजे याच पाण्यात रुंद गाळ्याचा पूल बांधता येतो, हे 60 मीटरचा आग्रह धरला गेला तेव्हा सर्वांच्या डोळ्यांसमोर उभे होते. खर्च वाढतो आणि वेळ जातो हे खरे, पण ती अडचण तांत्रिक अशक्यतेची नव्हती.

खारवारा (धागाकर्ता)

मोजपट्टी, मनापासून आभार. त्या गृहस्थांना मी हेच सांगायला हवे होते.

दर्याकाठची

मी वरळीची नाही, उत्तर मुंबईतल्या एका कोळीवाड्यातली आहे, आणि नोकरी करते. परंतु घरात अजून बोट आहे. आमच्या खाडीवरही एक पूल आहे. त्याचे नाव घेत नाही, कारण मला तक्रार करायची नसून पुलाखालून जाणे म्हणजे काय असते ते सांगायचे आहे.

मी बारा-तेरा वर्षांची असताना बाबांबरोबर बोटीवर होते. भल्या पहाटे, ओहोटी लागल्यावर आम्ही निघालो. मोकळ्या खाडीत पाणी एकाच दिशेने ओढत असते आणि ती ओढ तळपायाला कळते. खांबांच्या जवळ आलो की पाण्याचा स्वभावच बदलतो. खांबाला आपटून पाणी दोन्हीकडे फुटते, खांबाच्या मागे भोवरे पडतात आणि बोटीची नाळ एकीकडे तर मागची बाजू दुसरीकडे जाऊ लागते. त्या दिवशी समोरून दुसरी बोट आली. बाबांनी तिला वाट देण्यासाठी सुकाण थोडे वळवले, आणि तेवढ्यात आमच्या बोटीची कड खांबाला घासत गेली. आवाज फार मोठा झाला नाही. लाकूड ओले असते, ते कडाडत नाही, कण्हल्यासारखे वाजते. एक फळी फुटली, बाजूला गुंडाळून ठेवलेले जाळे खांबावरच्या कालवांत अडकून टर्रकन फाटले, आणि बाबांनी पहिल्यांदा माझ्याकडे बघितले, मग फळीकडे. त्या दिवशी आम्ही मासेमारीला गेलोच नाही. फळी बदलायला चार दिवस लागले. असल्या चार दिवसांची नोंद कुठल्याही नुकसानभरपाईच्या तक्त्यात होत नाही, कारण अपघात झाला असे कोणी म्हणतच नाही.

रोजचा_प्रवासी दादा, तुमचा वेळ वाचावा असे मलाही वाटते. मी स्वतः रोज लोकलने जाते. आमचे म्हणणे रस्ता नको असे नव्हते. वाऱ्याच्या दिवशी बोट कशी वागते हे आम्हाला माहीत आहे, ते आराखडा काढण्यापूर्वी विचारावे, इतकेच होते.

रोजचा_प्रवासी

मोजपट्टी आणि दर्याकाठची या दोघांचे प्रतिसाद वाचले. इंजिन बंद पडण्याचा मुद्दा माझ्या डोक्यात कधीच आला नव्हता, हे कबूल करतो. बोटीच्या रुंदीवरून केलेला माझा हिशोब चुकीचा होता. तरी एक शंका राहते. 60 पुरत नाहीत हे पटले, पण मग 160 का मागितले आणि 120 वर समाधान कसे मानले? शेवटी ती घासाघीसच ठरत नाही का?

मोजपट्टी

घासाघीस होती, यात वाद नाही. 60 आणि 160 यांच्या मधे कुठेतरी आकडा पडणार हे दिसतच होते. परंतु 120 हा आकडा कसा आला ते पाहा. 60 अधिक 60 म्हणजे 120. मधला एक खांब काढून टाकला की हे अंतर आपोआप मिळते, पायाभरणीचे बाकीचे नियोजन फारसे हलत नाही. म्हणजे आकडा बोटींच्या गरजेवरून आला असे म्हणणे धाडसाचे ठरेल. अर्धवट झालेल्या कामात कमीत कमी फेरफार करून जे देता येत होते ते देण्यात आले. हा निर्णय आरंभीच झाला असता तर खांबांची मांडणीच वेगळी करता आली असती, आणि कदाचित 160 देणे 120 देण्याइतकेच सोपे गेले असते. उशिरा विचारण्याची ही किंमत असते आणि ती दोन्ही बाजूंना पडते.

जाता जाता एक नोंद. या रुंद गाळ्यावर बसवलेली पोलादी कमानीची पहिली तुळई 136 मीटर लांब आणि सुमारे 2000 टन वजनाची आहे. दुसरी 143 मीटर लांब आणि सुमारे 2500 टनांची. न्हावा येथे जोडणी करून त्या तराफ्यावरून समुद्रमार्गे वरळीला आणल्या. पहिली तुळई 26 एप्रिल 2024 च्या पहाटे बसवली, आणि ती बसवताना भरती-ओहोटीच्या वेळा काटेकोरपणे पाळाव्या लागल्या, कारण तराफा पाण्याबरोबर वर-खाली होतो आणि तुळई खांबांवर टेकवायची तर पाणी योग्य पातळीला असावे लागते. भरतीचे वेळापत्रक हातात घेऊन पहाटेपर्यंत ताटकळलेल्या अभियंत्यांना कोळ्यांचे म्हणणे त्या रात्री वेगळे समजावून सांगावे लागले नसते.

वकिलीवही

कायद्याच्या बाजूने थोडे लिहितो, कारण वर "वहिवाट" हा शब्द आला आहे आणि तो सैलपणे वापरला जातो.

जमिनीवरच्या पायवाटेचा वहिवाटीचा हक्क 1882 च्या सुविधाधिकार कायद्याखाली मिळतो; खाजगी जमिनीवर वीस वर्षांच्या आणि सरकारी जमिनीवर तीस वर्षांच्या अखंड वापराने. समुद्रातल्या वाटेला हे जसेच्या तसे लागू करता येत नाही, कारण ते पाणी कोणाच्या शेताचा बांध नव्हे. तिथून जाण्याचा हक्क सर्वांचाच आहे. कायद्याला ही कल्पना अपरिचित आहे असे मात्र समजू नये. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 133 मध्ये (आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम 152) सार्वजनिक रस्ता, नदी आणि जलमार्ग यांचा एका दमात उल्लेख आहे: त्यांवरचा बेकायदा अडथळा दूर करण्याचा आदेश दंडाधिकारी देऊ शकतो. गोची "बेकायदा" या शब्दात आहे. सरकारनेच परवानगी दिलेल्या कामाचा खांब बेकायदा कसा म्हणणार? त्यामुळे लढाई परवानगी देण्याच्या टप्प्यावरच लढावी लागते, आणि त्या टप्प्यावर कोळीवाड्यापर्यंत कागद पोहोचलेला नसतो.

या वादाशी नाते सांगणारे दुसरे प्रकरण उरणचे आहे. उरण, गव्हाण, बेलपाडा, हनुमान कोळीवाडा या परिसरातील पारंपरिक मच्छीमारांनी राष्ट्रीय हरित लवादाकडे दाद मागितली होती. भरावामुळे खाडीत भरतीचे पाणी येण्या-जाण्याच्या वाटा अडल्या, कांदळवन गेले आणि मासेमारी बुडाली, असे त्यांचे म्हणणे होते. लवादाच्या पुणे येथील पीठाने 27 फेब्रुवारी 2015 रोजी 1630 कुटुंबांना सुमारे 95 कोटी 19 लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला आणि त्यातला सर्वांत मोठा वाटा जवाहरलाल नेहरू बंदरावर ठेवला. मत्स्यव्यवसायाच्या हानीबाबत इतका स्पष्ट आदेश क्वचितच निघतो. तरी दोन्ही प्रकरणांतला फरक लक्षात घ्या: उरणला भरपाई ठरली तेव्हा खाडीच्या वाटा बुजून गेलेल्या होत्या. वरळीत खांब उभा राहण्यापूर्वी काम अडवले गेले, म्हणून वाट तरी राहिली. मोजपट्टी यांनी ज्या न्हाव्याचा उल्लेख केला, ते याच परिसरात येते.

पेणकर

माझा मुद्दा किंचित वेगळा आहे, पण विषयाला धरून आहे. सर्वच ठिकाणी खाडीची वाट बंद करणारा म्हणजे अन्याय करणारा, असे समीकरण मांडू नये. आमच्याकडे पेण-अलिबागच्या खारेपाटात खाडीच्या फाट्यांना बांध घालून उघाड्या बसवल्या तेव्हाच भातशेती उभी राहिली. उघाडीचे दार भरतीला पाण्याच्या दाबाने मिटते आणि ओहोटीला आतले पाणी बाहेर जाऊ देते. त्या बांधांनी छोट्या होड्यांच्या वाटा अडवल्या हे खरेच आहे. पण बांध फुटला की खारे पाणी शेतात शिरते, दोन-चार वर्षांत तिथे कांदळ उगवते आणि मग ते तोडायला कायद्याने बंदी, म्हणजे शेतकऱ्याचे शेत कायमचे गेले. गंमत अशी की त्याच बुडालेल्या शेतात मग चिंबोऱ्या आणि निवट्या मिळू लागतात, आणि बांध पुन्हा घालावा की नाही यावर एकाच गावात दोन तट पडतात. पुष्कळदा एकाच घरात.

दर्याकाठची

पेणकर काका, हे मान्य आहे. पण तुमच्या बांधाने ज्याचे नुकसान होते आणि ज्याचा फायदा होतो ते एकाच गावच्या पारावर बसून भांडू शकतात. वरळीच्या बोटवाल्याने किनारी रस्त्यावरून जाणाऱ्या गाडीवाल्याला कुठल्या पारावर गाठायचे?

पेणकर

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही. बरोबर बोललीस.

रोजचा_प्रवासी

या गाडीवाल्याला इथे गाठलेत, तेवढे पुरे आहे.

एक व्यावहारिक प्रश्न विचारतो. आता 120 मीटर मिळाले आहेत. मग वाट खरोखर सुरळीत झाली का? की अजून काही बाकी आहे?

मोजपट्टी

रुंदी हा एक भाग झाला. भराव आणि खांब यांनी प्रवाह बदलला की गाळ बसण्याच्या जागा बदलतात, आणि हा बदल एका हंगामात दिसत नाही. त्यामुळे गाळ्याखालची खोली दर वर्षी, पावसाळ्यापूर्वी आणि नंतर, मोजून ती कोळीवाड्याला कळवली गेली पाहिजे. खांबांवरचे दिवे रात्री बोटीतून, म्हणजे पाण्याच्या पातळीवरून, दिसतात का हे कोणीतरी बोटीत बसून पाहिले पाहिजे. पुलावर उभे राहून ते कळत नाही. दोन्ही कामांना फारसा पैसा लागत नाही, आणि उद्घाटनाची फीत कापण्याजोगे त्यांत काही नसल्यामुळेच ती मागे पडतात.

खारवारा (धागाकर्ता)

चर्चा माझ्या अपेक्षेपेक्षा बरीच पुढे गेली. माझ्या मूळ प्रश्नापुरते माझे मत आता बनले आहे: ज्या वाटेने चांगल्या हवेतच जाता येते, ती कोळ्याच्या दृष्टीने बंदच होय, कारण हवा बिघडल्यावर घरी परतण्यासाठीच त्याला ती सर्वांत जास्त लागते. पालिकेने मोजलेले अंतर चूक नव्हते. ते कोणत्या दिवशी पुरेसे असायला हवे, हे ठरवणारा माणूस चुकीचा होता.

वर्सोवा–वांद्रे सागरी सेतूचे काम चालू आहे आणि तिथेही वर्सोवा, जुहू मोरागाव, खारदांडा येथील बोटींच्या वाटा मधे येतात. दर्याकाठची ताई, आपल्याला एक विनंती आहे. या वाटा कोणत्या खुणांवर चालतात याची नोंद कोणी केली आहे का? एखाद्या सरकारी नकाशावर त्या मला सापडल्या नाहीत.

दर्याकाठची

कागदावर कोणी केलेली माझ्या पाहण्यात नाही. बाबांच्या डोक्यात आहेत. दोन खुणा एका रेषेत आल्या की बोट वाटेवर आहे, असे ते जमवतात: पुढची खूण एक देऊळ, मागची एक गिरणीची चिमणी. चिमणी पाडली तेव्हा त्यांनी तिच्या जागी एका इमारतीवरची पाण्याची टाकी धरली. गेल्या वर्षी त्या इमारतीच्या पुढे टॉवर उभा राहिला, तेव्हापासून ते टॉवरच्या क्रेनवर वाट जमवतात, आणि क्रेन निघाली की काय करायचे, असे मी विचारले तर हसतात. येत्या रविवारी वही घेऊन त्यांच्याबरोबर बोटीवर बसेन आणि जे लिहून होईल ते इथे टाकेन. मोजपट्टी काका, खोली वावेत सांगतील, मीटर तुम्हालाच करावे लागतील.